होस्टिंग बदललं, एनएस१-एनएस२ ही नावं तीच ठेवायची आहेत. आयपी कुठे कुठे बदलायचे?

गोदाकाठी

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडवर आमचं वेबसाइटचं छोटं काम आहे. चाळीसेक ग्राहक. सातपूर-अंबडचे फॅब्रिकेशनवाले, पंचवटीतले लॉज, एक-दोन क्लास, द्राक्षवाले. बहुतेकांच्या डोमेनला आमचे स्वतःचे नेमसर्व्हर (कुठलं नाव कुठल्या आयपीवर आहे ते सांगणारे सर्व्हर) दिलेले आहेत: एनएस१.आमचंनाव.इन आणि एनएस२.आमचंनाव.इन. (नाव अर्थात खोटं.)

जुना व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) लहान पडायला लागला म्हणून दुसऱ्या कंपनीचा घेतला. दोन्हीकडे डब्ल्यूएचएम (सीपॅनेलचं सर्व्हर सांभाळायचं पॅनेल) आहे, त्यामुळे ट्रान्सफर टूलने सगळी खाती एक्स्प्रेस ट्रान्सफर करून आणली. साइट सगळ्या नव्या मशीनवरून उघडताहेत, लॉगमध्ये दिसतंय. डब्ल्यूएचएमच्या बेसिक सेटअपमध्ये नवे आयपी टाकले. आमचंनाव.इन च्या झोनमध्ये (डोमेनच्या डीएनएस नोंदींच्या यादीत) एनएस१ आणि एनएस२ चे ए रेकॉर्डही (नावाचा आयपी सांगणाऱ्या नोंदी) नवे केले.

आता गंमत बघा. दिंडोरी रोडच्या एका रोपवाटिकेचं नवं काम आलं. खातं नव्या सर्व्हरवर उघडलं, त्यांच्या डोमेनला आमचे नेमसर्व्हर दिले. साइट कुठूनच उघडत नाही. दुसरं, एका लॉजने मेल गूगलकडे न्यायचं ठरवलं म्हणून नव्या सर्व्हरवर एमएक्स (मेल कुठे पोचवायचं ती नोंद) बदलला. बाहेरून बघितलं की अजून जुनाच एमएक्स.

नव्या कंपनीच्या सपोर्टला विचारलं तर म्हणतात, सगळ्या ग्राहकांच्या डोमेनला आमचे नेमसर्व्हर लावा. अहो, डोमेनं ग्राहकांच्या आपापल्या खात्यात आहेत! लॉजवाल्यांची साइट २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी कोणीतरी करून दिलेली, पासवर्ड मालकांच्या भाच्याकडे, आणि भाचा कॅनडात. चाळीस जणांच्या मागे लागायचं म्हणजे दिवाळी उजाडेल.

जुने आयपी १९२.०.२.१० आणि ११ समजा, नवे २०३.०.११३.२० आणि २१. खरे देत नाही, हे उदाहरणासाठी राखून ठेवलेल्या रांगांतले आहेत. जुन्या सर्व्हरचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं आहे, मग तो बंद. काय राहिलंय माझं?

अर्धवट_ॲडमिन

सगळ्यांचं डीएनएस क्लाउडफ्लेअर कंपनीकडे टाका आणि मोकळे व्हा.

गोदाकाठी

त्यासाठीही प्रत्येक डोमेनचे नेमसर्व्हर बदलावेच लागतील ना भाऊ. कॅनडाचा भाचा तिथेही आडवा येतोच.

सातपूरकर

४८ तास थांबा. प्रोपगेशन, बदल सगळीकडे पोचायला वेळ लागतो.

डॉट_आजोबा

थांबून काही होणार नाही, कारण जे बदलायचं ते अजून बदललेलंच नाही.

गोदाकाठी, आधी एक चाचणी करा. जुन्या सर्व्हरला थेट विचारा, डिगने (डीएनएस तपासायची आज्ञा) १९२.०.२.१० हा पत्ता देऊन, त्या रोपवाटिकेच्या डोमेनबद्दल. माझा अंदाज, उत्तर येईल 'रिफ्यूज्ड', म्हणजे नकार. मग तोच प्रश्न २०३.०.११३.२० ला विचारा. तिथे बरोबर उत्तर मिळेल. म्हणजे तुमचा नवा नेमसर्व्हर नीट चालू आहे, पण त्याला जगात कोणीच विचारत नाहीये. सगळं जग अजून जुन्यालाच विचारतंय.

गोदाकाठी

अगदी तसंच झालं! जुना रिफ्यूज्ड, नवा बरोबर. पण मग बाकीच्या सगळ्या साइट नव्या मशीनवर कशा उघडताहेत?

डॉट_आजोबा

तीच तर यातली फसवी जागा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक्स्प्रेस ट्रान्सफर फक्त खाती हलवत नाही, जुन्या सर्व्हरवर जे झोन आहेत त्यांतले ए रेकॉर्डही नव्या मशीनच्या आयपीकडे वळवतं. त्यामुळे आज होतंय असं: ग्राहकाचा ग्राहक ब्राउझरमध्ये नाव टाकतो, प्रश्न जातो तुमच्या जुन्या नेमसर्व्हरकडे, तो प्रामाणिकपणे सांगतो 'साइट नव्या मशीनवर आहे', आणि साइट उघडते. तुम्हाला वाटतं स्थलांतर पार पडलं. रोपवाटिकेचा झोन जुन्यावर कधी तयारच झाला नाही, म्हणून तो हात वर करतो. लॉजचा एमएक्स तुम्ही नव्यावर बदललात, जुन्याला त्याचा पत्ता नाही.

आणि महिनाअखेरीला जुना सर्व्हर बंद झाला की हळूहळू सगळीच्या सगळी चाळीस डोमेनं जातील. एकदम नाही, ज्याच्या त्याच्या रिझॉल्व्हरमधली (आपल्यासाठी नावाचा आयपी शोधून आणणारा सर्व्हर) साठवण संपेल तसतशी. म्हणजे सकाळी दोन फोन, दुपारी दहा, संध्याकाळी तुम्ही फोन बंद करून बसाल. रोपवाटिकेचं काम आत्ताच आलं हे नशीब समजा.

आता मूळ कारण. ब्राउझरला एखादं नाव शोधायचं असलं की रिझॉल्व्हर आधी रूटला (सगळ्यात वरच्या सर्व्हरना) विचारतो, रूट सांगतं .इन वाल्यांना विचार, .इन वाले सांगतात की या डोमेनचा कारभार एनएस१.आमचंनाव.इन कडे आहे. बरं, एनएस१.आमचंनाव.इन चा आयपी काय? तो आमचंनाव.इन च्या झोनमध्ये. तो झोन कुठे? एनएस१.आमचंनाव.इन वर. काकांचं घर कुठे आहे ते काकांच्या घरी जाऊन विचारा, असा प्रकार झाला.

हा फेरा तोडायला .इन ची रजिस्ट्री (.इन च्या सगळ्या डोमेनांची मुख्य नोंद ठेवणारी) तुमच्या नेमसर्व्हरच्या नावासोबत त्याचा आयपीही आपल्याकडे लिहून ठेवते आणि नावाबरोबर तोही देऊन टाकते. याला ग्लू रेकॉर्ड म्हणतात. १९८७ च्या आरएफसी १०३४ मध्येच (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ही सोय आहे, नवीन काही नाही. तुमचा ग्लू अजून १९२.०.२.१० सांगतोय. तुम्ही डब्ल्यूएचएममध्ये कितीही आयपी बदला, झोनमध्ये बदला, रजिस्ट्रीला ते आपोआप कळत नाही. तिला तुमच्या रजिस्ट्रारमार्फतच, म्हणजे डोमेन ज्याच्याकडून घेतलंय त्याच्यामार्फतच सांगावं लागतं.

ग्राहकांच्या डोमेनमध्ये मात्र एका अक्षराचाही बदल नको. त्यांच्या नोंदीत फक्त नाव आहे आणि नाव तेच राहतंय. स्वतःच्या नावाचे नेमसर्व्हर ठेवण्याचा खरा फायदा हाच. सपोर्टवाल्यांचं उत्तर चूक नाही, पण ते त्यांच्या सोयीचं आहे.

येवलावाली

आजोबा, मी पैठणीच्या दुकानाची साइट एकटीच सांभाळते. माझ्या होस्टिंगवाल्याने मागे मला सांगितलं होतं की 'आमचा सर्व्हर बदलला, तुम्हाला काही करायचं नाही.' मला वाटलं टाळतोय. म्हणजे तो खरंच बोलत होता?

डॉट_आजोबा

खरं बोलत होता. त्याने त्याच्या बाजूने ग्लू बदलला असेल. तुमच्या डोमेनला हात लावायची गरज नव्हती.

गोदाकाठी

आता डोक्यात प्रकाश पडला. पण रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये हे कुठे? 'नेमसर्व्हर बदला' मध्ये फक्त नावं टाकता येतात, आयपीचा रकानाच नाही.

अर्धवट_ॲडमिन

तो वेगळा कप्पा असतो. रिसेलरक्लब, बिगरॉकच्या पॅनेलमध्ये 'चाइल्ड नेम सर्व्हर्स', गोडॅडीकडे 'होस्टनेम्स', नेमचीपकडे 'पर्सनल डीएनएस सर्व्हर'. काही जण सरळ ग्लू रेकॉर्डच म्हणतात. आमचंनाव.इन ज्या खात्यात आहे तिथे, त्याच डोमेनच्या पानावर शोधा. नाहीच सापडलं तर तिकीट टाका: 'एनएस१ आणि एनएस२ या होस्टचे आयपी अमुक करून द्या.'

सापडलं की जुनी नोंद डिलीट करा आणि नवी बनवा.

डॉट_आजोबा

डिलीट नको! पहिल्या उत्तराला मी काही बोललो नाही, पण इथे अडवतो.

रजिस्ट्रीच्या दृष्टीने नेमसर्व्हर ही स्वतंत्र नोंद असते, होस्ट म्हणतात तिला. चाळीस डोमेनं त्या होस्टला जोडलेली आहेत. जोडलेला होस्ट पुसू देत नाहीत, 'वापरात आहे' म्हणून नकार येतो. आणि पुसायचा म्हणून कोणी आधी डोमेनं त्यापासून सोडवायला लागला तर आणखी घोळ. फक्त 'मॉडिफाय' करायचं, नाव तेच ठेवून आयपी बदलायचा. एखाद्या पॅनेलमध्ये एकदम बदलता येत नसेल तर नवा आयपी आधी जोडा, मग जुना काढा. एका होस्टला एकाहून जास्त आयपी चालतात.

पण त्याला हात लावायच्या आधी दोन गोष्टी बघा.

पहिली, दोन्ही नव्या आयपीवर पोर्ट ५३ (डीएनएसचं दार) बाहेरून उघडं आहे का. यूडीपीही आणि टीसीपीही, माहिती पाठवायच्या दोन्ही पद्धतींनी. बहुतेक उत्तरं यूडीपीवर जातात, पण उत्तर मोठं झालं की रिझॉल्व्हर टीसीपीवर येतो, आणि तिथे दार बंद असलं की कधी चालतं, कधी नाही असा भुताटकीसारखा त्रास सुरू होतो. चाचणी सर्व्हरवर बसून करू नका, घरच्या लॅपटॉपवरून करा.

दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात. आमचंनाव.इन चा झोन जुन्या सर्व्हरवरही आहे. तिथेही एनएस१, एनएस२ चे ए रेकॉर्ड नवे करा. ग्लू बदलला तरी काही रिझॉल्व्हर अजून थोडा काळ जुन्याकडे येत राहणार. आले की जुना त्यांना सांगणार 'एनएस१ म्हणजे मीच'. रिझॉल्व्हर रजिस्ट्रीच्या ग्लूपेक्षा झोनमधल्या अधिकृत उत्तरावर जास्त विश्वास ठेवतो, त्यामुळे जुन्याने जुनाच पत्ता सांगितला तर तो त्यालाच धरून बसतो.

ग्लू खरंच बदलला का हे बघायला .इन च्याच एखाद्या सर्व्हरला डिगने थेट विचारा, आमचंनाव.इन चे एनएस कुठले म्हणून. उत्तराच्या ॲडिशनल भागात आयपी दिसतील. डिगच्या ट्रेस पर्यायावर विसंबू नका. तो ॲडिशनल भाग एरवी दाखवतच नाही, शिवाय नेमसर्व्हरचे आयपी तुमच्याच मशीनच्या रिझॉल्व्हरकडून विचारून घेतो. ग्लू चुकलेला असला तरी सगळं छान दिसू शकतं.

सातपूरकर

बरं, मग ४८ तास हे खोटं का?

डॉट_आजोबा

खोटं नाही, अर्धं आहे. .कॉम आणि .नेट ची रजिस्ट्री नेमसर्व्हरची नोंद देताना टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं तो काळ) १,७२,८०० सेकंदांचा देते, म्हणजे बरोबर दोन दिवस. ज्याने आज विचारलं तो परवापर्यंत परत विचारायला येणारच नाही असं धरून चाला. .कॉम पुरता तो आकडा तिथून येतो. पण प्रत्येक बदलाला ४८ तास लागतात असं नाही. साधा ए रेकॉर्ड ३०० सेकंदांच्या टीटीएलचा असेल तर पाच-दहा मिनिटांत फिरतो. रजिस्ट्रीचा टीटीएल मात्र तुम्हाला बदलता येत नाही, म्हणून ग्लूच्या कामात जुना सर्व्हर चालू ठेवणं याला पर्याय नाही.

आणि हो, टीटीएल कमी करायचा तो बदलाच्या आधी. आज १४,४०० असलेला रेकॉर्ड आत्ता ३०० केला तरी ज्यांनी तो घेऊन ठेवलाय ते चार तास तोच धरून बसणार.

पिंपळगाव_बसवंत

माझा अनुभव सांगतो, कारण इथे सगळे साइटचंच बोलताहेत. आमची द्राक्षाची निर्यात. जानेवारी ते एप्रिल आमचं सगळं चालतं ते मेलवर. कंटेनर कुठे पोचला, माल उतरवताना काय तक्रार निघाली, रॉटरडॅमचा माणूस सगळं मेलवरच कळवतो. आमच्या डोमेनवाल्याने ऐन फेब्रुवारीत सर्व्हर बदलला. साइट मिनिटभरही बंद पडली नाही, तो खूश. इकडे आम्हाला काही मेल येईनात. म्हणजे येत होते, पण जुन्या सर्व्हरच्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडत होते, आणि आमचं आउटलुक नव्याला जोडलेलं. समोरच्याला काही बाउन्सही आलं नाही, त्यामुळे त्याला वाटलं आम्ही उत्तर देत नाही. दरावरून बोलणं फिसकटलं ते फिसकटलंच.

साइट एक दिवस बंद राहिली तर आमचं काही अडत नाही. मेलचं आधी बघा.

डॉट_आजोबा

पिंपळगावकरांनी नेमकं बोट ठेवलं. पाठवणाऱ्याचा सर्व्हर जुन्या पत्त्यावर पोचला आणि तिथे मेलबॉक्स अजून जिवंत असला की जुना सर्व्हर मेल ठेवून घेतो आणि 'मिळालं' म्हणतो. यात कुठेही चूक दिसत नाही.

उपाय: जुन्या सर्व्हरवर प्रत्येक डोमेनचं 'ईमेल राउटिंग' रिमोट करा आणि तिथला एमएक्स नव्या मशीनकडे दाखवा. म्हणजे चुकून आलेलं मेल तो स्वतःकडे न ठेवता पुढे ढकलेल. ते केल्यावर जुन्या मेलबॉक्समध्ये मधल्या काळात काय साठलं ते एकदा आयमॅपने नव्याकडे ओढून घ्या.

जाणाऱ्या मेलचंही बघा. एसपीएफ रेकॉर्डमध्ये (डोमेनचं मेल कुठल्या सर्व्हरने पाठवायचं ती यादी) 'आयपी४' करून जुना आकडा लिहिलेला असतो, तो कोणाच्या लक्षात राहत नाही. नवा आयपी त्यात घाला. डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) चावी नव्या सर्व्हरवर तीच आली की नवी बनली ते तपासा. रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) तुमच्या झोनमध्ये नसतो, तो ज्याचा आयपी त्याच्या हातात, म्हणजे नव्या कंपनीच्या पॅनेलमध्ये किंवा तिकीट टाकून. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगलने जीमेलला मेल पाठवणाऱ्या सगळ्यांकडून हे नीट लावलेलं असण्याची अपेक्षा ठेवली आहे. नसेल तर मेल स्पॅममध्ये, किंवा दारातूनच परत.

गोदाकाठी

पंचाईत. एसपीएफ बहुतेकांचे जुनेच निघाले. आज रात्री बसतोच त्यावर. सातपूरचे ग्राहक शनिवारी बंद असतात, त्यामुळे ग्लूचं काम शुक्रवारी रात्री करावं म्हणतो.

त्र्यंबक_रोड

शुक्रवार रात्र चुकूनही नको. काही अडलं तर शनिवार-रविवार रजिस्ट्रारचा सपोर्ट कोणाला धरणार? मी असली कामं मंगळवारी-बुधवारी सकाळी करतो. जुना आणि नवा दोन्ही सर्व्हर एकच उत्तर देत असतील तर ग्राहकाला कळतही नाही, मग रात्र कशाला जागवायची?

डॉट_आजोबा

त्र्यंबक_रोड यांच्याशी सहमत. दोन्हीकडचे झोन सारखे असतील तर हे दिवसाउजेडी करायचं काम आहे. रोपवाटिकेचा झोन आणि लॉजचा नवा एमएक्स तेवढे जुन्यावर हाताने चढवा, म्हणजे ते दोघंही आजच सुटतील. ग्लूची वाट बघायला नको. मधल्या काळात झोनमध्ये काहीही बदललंत तर दोन्हीकडे बदला.

अर्धवट_ॲडमिन

एक आगाऊ प्रश्न. एनएस१ आणि एनएस२ दोन्ही एकाच मशीनवर ना? मग दोन असून उपयोग काय? मशीन झोपलं की दोन्ही झोपले.

गोदाकाठी

हो, एकाच मशीनला दोन आयपी. रजिस्ट्रार दोन मागतो म्हणून दोन.

अर्धवट_ॲडमिन

म्हणूनच मी क्लाउडफ्लेअर म्हणत होतो. आरएफसी २१८२ आहे १९९७ चा. सगळे नेमसर्व्हर एका जागी, एका नेटवर्कवर ठेवू नका असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

डॉट_आजोबा

इथे मात्र तुमचं बरोबर आहे, मघाच्या डिलीटचं माफ. नियमाने बघितलं तर गोदाकाठींची मांडणी लंगडी आहे. साइट पडली तर एक वेळ ठीक, पण नेमसर्व्हर पडला की ज्यांचं मेल गूगलकडे आहे त्यांचं मेलसुद्धा अडतं. गंगापूर रोडच्या सर्व्हरवाल्यामुळे गूगलचं मेल बंद, हे लॉजच्या मालकाला कसं समजावणार?

पण त्यासाठी स्वतःची नावं सोडायची गरज नाही. सीपॅनेलचंच 'डीएनएस ओन्ली' म्हणून एक रूप आहे, त्याला परवाना शुल्क नाही. एक छोटा, स्वस्तातला व्हीपीएस दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात घ्यायचा, त्यावर ते चढवायचं आणि डब्ल्यूएचएममधून डीएनएस क्लस्टरला जोडायचं. एकीकडे झोन बदलला की दुसरीकडे आपोआप जातो. मग एनएस२ चा ग्लू त्या दुसऱ्या मशीनच्या आयपीकडे. ग्लू बदलायचाच आहे तर एनएस२ साठी हा नवा आयपी आत्ताच घेऊन ठेवा, म्हणजे पुन्हा हेच सगळं करायला नको.

गोदाकाठी

हे करतोच. सिंहस्थाच्या चौकश्या लॉजवाल्यांकडे आत्ताच सुरू झाल्यात, त्या काळात त्यांची साइट किंवा मेल पडलं तर मला गोदावरीत उभं करतील. थोडा खर्च वाढेल, पण चालेल.

येवलावाली

माझा एक भाबडा प्रश्न. कोणी डीएनएससेक (डीएनएस नोंदींवरची डिजिटल सही) लावलेलं असेल तर?

डॉट_आजोबा

भाबडा कसला, हा तर विचारायलाच हवा होता. ज्या डोमेनला डीएनएससेक चालू आहे, त्याच्या रजिस्ट्रीत डीएस म्हणून एक नोंद असते, चावीचा ठसा म्हणा. नव्या सर्व्हरवर तीच चावी आली नसेल, किंवा झोनवर सहीच होत नसेल, तर सही तपासणारे रिझॉल्व्हर उत्तर फेकून देतात आणि 'सर्व्हफेल' सांगतात. गंमत म्हणजे न तपासणाऱ्या रिझॉल्व्हरवर साइट उघडते, म्हणून एकाला दिसते, दुसऱ्याला नाही. गोदाकाठी, आमचंनाव.इन ला आणि ग्राहकांच्या डोमेनला डीएस आहे का ते डिगने बघून घ्या. असेल तर चाव्या नव्यावर आणा, नाहीतर ग्लूच्या कामाआधी डीएस काढून त्याचा टीटीएल संपू द्या.

गोदाकाठी

डीएस कोणालाच नाही. सुटलो.

गोदाकाठी

प्रगती सांगतो. दुसरा व्हीपीएस घेतला, डीएनएस ओन्ली चढवलं, क्लस्टर जोडला. त्याला १९८.५१.१००.३० म्हणूया. 'चाइल्ड नेम सर्व्हर्स' मध्ये जाऊन दोन्ही आयपी मॉडिफाय केले. .इन च्या सर्व्हरला विचारलं तर ॲडिशनलमध्ये दोन्ही नवे दिसताहेत. रोपवाटिकेची साइट उघडली, लॉजचं मेल गूगलकडे गेलं.

पण एनएस२ बाहेरून उत्तर देत नाही. सर्व्हरवर बसून विचारलं तर देतो.

सातपूरकर

सर्व्हरमधली फायरवॉल नाही, तर कंपनीच्या पॅनेलमधली. क्लाउडवाल्यांकडे मशीनच्या बाहेर अजून एक भिंत असते. २२, ८०, ४४३ उघडे असतात, ५३ आपण मागितल्याशिवाय उघडत नाहीत. यूडीपीचा नियम वेगळा, टीसीपीचा वेगळा. दोन्ही टाका.

गोदाकाठी

तेच होतं. दोन नियम टाकले आणि लगेच बोलायला लागला. सातपूरकर, आता तुमच्या ४८ तासांना कोणी हसणार नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट मात्र सापडली. बाकी सगळी नव्यावर आली, पण पाच-सहा जुने ग्राहक अजूनही जुन्या सर्व्हरलाच विचारताहेत. त्यांच्या डोमेनची नोंद उघडून बघितली तर त्यांचे नेमसर्व्हर आहेत एनएस१.जुनंनाव.कॉम! आमच्या कंपनीचं आधी वेगळं नाव होतं, त्या काळातले हे लोक. जुनंनाव.कॉम दुसऱ्या रजिस्ट्रारकडे आहे, पूर्वीच्या भागीदाराच्या खात्यात. .इन च्या खात्यातून त्याचा ग्लू बदलता येईल का?

डॉट_आजोबा

नाही. होस्टचा आयपी त्या होस्टच्या मूळ डोमेनच्या रजिस्ट्रारकडूनच बदलतो. एनएस१.जुनंनाव.कॉम साठी जुनंनाव.कॉम च्या खात्यातच जावं लागेल. तिथे हेच सगळं पुन्हा करा, आणि हे .कॉम आहे, म्हणजे दोन दिवसांचा टीटीएल.

आणि ग्लूपेक्षा घाईचं काम दुसरंच आहे. त्या डोमेनची मुदत कधी संपते ते आजच बघा. कोणी नूतनीकरण केलं नाही आणि ते सुटलं, तर त्या पाच-सहा जणांचा कारभार ज्याने ते डोमेन उचललं त्याच्या हातात जाईल. तो वाटेल तिकडे त्यांची साइट आणि मेल वळवू शकतो. भागीदाराशी बोलून ते स्वतःच्या खात्यात घ्या, ग्लू बदला, आणि मग सावकाश एकेका ग्राहकाला .इन वर आणा. इथे मात्र ग्राहकाच्या पासवर्डची गरज लागेलच.

गोदाकाठी

मुदत मार्चपर्यंत आहे, हुश्श. भागीदाराशी बोललो, संबंध चांगले आहेत. ग्लू त्याने समोर बसून बदलला, डोमेन माझ्याकडे द्यायलाही तयार आहे.

कॅनडाच्या भाच्याला फोन करावा लागणार का, हे बघायला घाबरत घाबरत लॉजची नोंद उघडली. ते .इन वरच आहेत.

पिंपळगाव_बसवंत

जुना सर्व्हर बंद करायच्या आधी तिथे मेल येतंय का बघा रे.

डॉट_आजोबा

मेल आणि प्रश्न, दोन्ही. जुन्या सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी रहदारी दाखवणारी आज्ञा) लावा, पोर्ट ५३ वर कोण काय विचारतंय ते दिसेल. .कॉम चे दोन दिवस उलटून गेल्यावर प्रश्न जवळजवळ थांबायला हवेत. पूर्ण कधीच थांबत नाहीत, इंटरनेटवर फिरणारे स्कॅनर काहीही विचारत असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. तुमच्या ग्राहकांच्या नावाचे प्रश्न येताहेत का एवढंच बघायचं. नंतर एक दिवस मशीन तसंच ठेवून फक्त नेमसर्व्हरची सेवा थांबवा. कोणी ओरडलं तर एका आज्ञेत परत चालू करता येते. मशीनच परत केलं की हा मार्ग बंद.

गोदाकाठी

टीसीपीडम्प लावला. नावांचे प्रश्न थांबलेत, पण पोर्ट ४४३ वर एकाच आयपीवरून दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी ठोठावतंय. नाव न विचारता सरळ आयपीवरच.

सातपूरकर

ॲक्सेस लॉगमध्ये कुठला पत्ता मागतोय?

गोदाकाठी

अंबडच्या एका ग्राहकाची स्टॉकची फाइल. त्यांच्या बिलिंगवाल्याने सॉफ्टवेअरमध्ये डोमेनऐवजी जुना आयपीच घालून ठेवलाय वाटतं.

सातपूरकर

मग ते डीएनएसने सुटणार नाही. तिथे जाऊन बदलायला सांगा. कुठल्या गाळ्यात आहेत ते व्यनि करा, मी उद्या त्याच बाजूला आहे.